पिकअप घ्यायचाय : रोजचं ऑफिस, सुट्टीतल्या सहली, घरची सहा माणसं

फ्रिस्कोकर

नमस्कार मंडळी,

डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत राहतो. ऑफिस लास कोलिनासला, जाऊन-येऊन साधारण ५० मैल, आठवड्यातून चार दिवस. घरात आम्ही दोघं, मुलगी ११ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा आणि वर्षातले पाच-सहा महिने कोल्हापूरहून आलेले आई-बाबा. दारात एक सेदान आहे आणि एक जुनी मिनिव्हॅन. मिनिव्हॅनचे दिवस भरत आलेत. तिच्या जागी फुल-साइझ पिकअप घ्यावा असं फार मनात आहे.

कारण ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर. आईला हॉटेलचं खाणं चालत नाही, बाबांना रात्री उघड्यावर बसून आभाळ बघायचं असतं आणि मुलं तर कुठेही खूश. टेक्ससमधली पालो ड्युरो आणि बिग बेंड ही पार्कं, पुढे कोलोराडो असं डोक्यात आहे. ट्रेलर बघून ठेवलाय : २४ फुटी, कॅटलॉगमध्ये रिकामं वजन ४८०० पौंड.

यादीत फोर्ड एफ-१५०, शेवी सिल्व्हराडो १५००, रॅम १५०० आणि टोयोटा टुंड्रा. सगळे क्रू कॅब (चार दारांचे, मागे पूर्ण सीट असलेले), साडेपाच फुटी हौद्याचे. कागदावर हे सगळे नऊ-दहा हजार पौंड सहज ओढतात, तेव्हा ओढण्याचा प्रश्न नसावा. मला रोजच्या रस्त्यावर कोणता सुखाचा आणि मागच्या सीटवर कुटुंब कशात आरामात बसेल, हे जाणून घ्यायचंय. वापरणाऱ्यांनी सांगा.

रानवारा

रॅम. बाकीचे बघूच नका.

शेवंती

आम्ही ह्युस्टनजवळ केटीला. आमच्याकडे क्रू कॅब आहे आणि मागे दोन मुलं, म्हणून मागच्या सीटबद्दल सांगते.

जागा भरपूर आहे. मधली जमीन सपाट असते, मुलं उभी राहून जॅकेट घालू शकतात. पण कारसीट बसवणं मिनिव्हॅनइतकं सोपं नाही. पिकअपमध्ये सीटच्या पाठीमागे लगेच कॅबची भिंत. कारसीट वरून बांधणाऱ्या टेदर पट्ट्यासाठी बऱ्याच ट्रकमध्ये सीटमागे कापडी फासे असतात. पट्टा एका फाशातून ओवून शेजारच्या फाशाला अडकवायचा. पहिल्यांदा मॅन्युअल उघडूनच करा, अंदाजाने नको. तुमचा मुलगा सहाचा आहे, बूस्टरवर (उंची वाढवणाऱ्या साध्या बैठकीवर) आला असेल तर हा त्रास वाचेल.

दुसरं, सामान. मिनिव्हॅनमध्ये मागे हात घातला की डबा हातात येतो. पिकअपमध्ये सगळं हौद्यात, म्हणजे गाडी थांबवून खाली उतरायचं. हौद्यावर झाकण घ्यायचं हे आजच बजेटमध्ये धरा. घडीचं कडक झाकण असेल तर कुलूप लागतं. पाऊस बहुतेक अडतो. वेस्ट टेक्ससची धूळ अडत नाही.

माळरान

फ्रिस्कोकर, मी लबकला राहतो आणि बरीच वर्षं ट्रेलर ओढतोय. तुमच्या 'ओढण्याचा प्रश्न नसावा' या वाक्याशी थांबलो. तुमचा खरा प्रश्न तिथेच आहे.

ट्रक किती ओढतो हा आकडा जाहिरातीचा. तुम्हाला बघायचाय तो आकडा ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर चिकटवलेल्या टायर आणि लोडिंगच्या स्टिकरवर असतो. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाता कामा नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. तो पेलोड. आणि तो त्या एका ट्रकचा असतो. त्याच मॉडेलच्या शेजारच्या ट्रकवर वेगळा आकडा मिळेल.

आता तुमच्या घरचा हिशेब. सहा माणसं, मुलं धरून ७५० पौंड. हौद्यात कूलर, खुर्च्या, सायकली : २००. ट्रेलर जोडायचा, वजन वाटून देणारा हिच आणि त्याचे दांडे : ९०. ट्रेलरचं ४८०० हे कोरं वजन. त्यात गॅसच्या टाक्या, बॅटरी, भांडी, अंथरुणं, धान्य घाला. पाण्याची ४० गॅलनची टाकी भरली तर गॅलनला ८.३ पौंड धरून एकट्या पाण्याचे ३३० पौंड. म्हणजे ६००० ला पोचलातच. ट्रेलरच्या वजनातला १० ते १५ टक्के भार ट्रकच्या हिचवर बसतो, आणि तो पेलोडमधूनच जातो. १२ टक्के धरला तर ७२०.

७५० + २०० + ९० + ७२० = १७६०.

पॅनोरमिक छत, आपोआप बाहेर येणाऱ्या पायऱ्या, चामडी थंड सीटा असलेल्या महागड्या ट्रिमवर (मॉडेलच्या प्रकारावर) स्टिकर बरेचदा १४००-१५०० च्या आसपास असतो. म्हणजे दहा हजार पौंड ओढणारा ट्रक तुमचं कुटुंब आणि सहा हजारांचा ट्रेलर एकत्र पेलू शकत नाही. जास्त पैसे मोजाल तितका पेलोड घटत जातो, हे शोरूममध्ये कुणी आपणहून सांगणार नाही.

हिचवर कमी भार यावा म्हणून सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला सरकवू नका. भार १० टक्क्यांखाली गेला की ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो. ॲमारिलोच्या पट्ट्यात आडवा वारा सुटला की ते सावरणं भयंकर असतं.

रानवारा

माळराननी सगळं सांगितलं. तरी रॅमच. बाकीचे पानपट्ट्यांच्या स्प्रिंगवर होते तेव्हा २००९ पासून रॅमला मागे कॉइल स्प्रिंग आहेत. रिकामा ट्रक खड्ड्यातून नेऊन बघा, पाठ सांगेल.

डिझेलदादा

@रानवारा, २०२२ पासून टुंड्रालाही मागे कॉइल आहेत. आणि मऊ स्प्रिंगची दुसरी बाजूही सांगा : भार टाकला की मागचं बूड लवकर बसतं, आणि रॅमचा पेलोड बहुतेक वेळा एफ-१५० पेक्षा कमी निघतो. एफ-१५० ची बॉडी २०१५ पासून ॲल्युमिनियमची आहे, तिथे वाचलेलं वजन पेलोडमध्ये दिसतं.

फ्रिस्कोकर, तुमच्यासाठी माझं मत सिल्व्हराडो, ३ लिटर डिझेल. सहा सिलिंडर एका ओळीत, ४९५ पौंड-फूट टॉर्क, रिकाम्या ट्रकला हायवेवर गॅलनला २५ मैलांच्या पुढे मायलेज. डिझेलला पाच मिनिटांच्या फेऱ्या मानवत नाहीत, कारण काजळी जाळायला इंजिन नीट तापावं लागतं. तुमचं एका बाजूचं २५ मैलांचं टोलवेवरचं अंतर त्याला अगदी योग्य. डीईएफ (डिझेलचा धूर स्वच्छ करणारं द्रव) भरत राहायचं एवढंच.

गणितकाका

मी विरुद्ध बाजूने बोलतो, राग मानू नका.

५० मैल, चार दिवस, वर्षाला ४८ आठवडे म्हणजे ९६०० मैल. सेदान ३५ चं मायलेज देत असेल तर २७४ गॅलन. ट्रक २० देईल, म्हणजे ४८० गॅलन. गॅलनला ३ डॉलर धरले तर फरक वर्षाला सुमारे ६२० डॉलर. हा फार नाही. खरा खर्च ट्रकच्या किमतीचा, टायरांचा, विम्याचा आणि दर वर्षी उतरणाऱ्या भावाचा. वर ट्रेलर, त्याचा विमा, आणि तो ठेवायची भाड्याची जागा, कारण फ्रिस्कोतल्या बहुतेक वसाहतींत ट्रेलर दारात ठेवू देत नाहीत.

ट्रेलर भाड्याने मिळतो, कॅम्पग्राउंडवर आणून उभा करून देणारेही असतात. पालो ड्युरोला तर कड्यावर १९३० च्या दशकातल्या दगडी केबिन आहेत, महिनोन्महिने आधी बुक कराव्या लागतात एवढंच. माती, खत, फर्निचर आणायचं तर भाड्याने गाड्या देणाऱ्या यू-हॉलचा पिकअप दिवसाला वीसेक डॉलर आणि वर मैलाचे पैसे. मिनिव्हॅनच्या जागी नवी हायब्रिड मिनिव्हॅन घ्या. सिएना ३६ चं मायलेज देते, आठ माणसं बसतात, ३५०० पौंडांपर्यंत ओढते.

शेवंती

काका, भाड्याने मिळणाऱ्या पिकअपच्या मागे ट्रेलर लावायला अनेक कंपन्या परवानगी देत नाहीत, हेही सांगा. आणि सहा माणसं घेऊन तिकडे पोचल्यावर 'ट्रेलर उद्या येईल' असं ऐकलं तर काय करायचं? आमच्यावर तशी वेळ आलीय. कंपनीचं नाव घेत नाही. रात्री मुलांना घेऊन जागा शोधत फिरलो.

कोल्हापुरी_ठसका

नमस्कार. मी फ्रिस्कोकरांची बायको. हा धागा त्यांनी मला दाखवला आणि 'बघ, सगळे चांगलं सांगतायत' म्हणाले. म्हणून माझ्याही अटी लिहिते.

१. गणितकाकांप्रमाणे सेदान ऑफिसला गेली तर ट्रक मला चालवायचाय. शाळेच्या रांगेत, किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये, डान्स क्लासला. चारी बाजूंचा कॅमेरा हवा.

२. ट्रक गॅरेजमध्ये मावला पाहिजे. जुलैत १०५ डिग्रीत बाहेर उभ्या राहिलेल्या गाडीत मी सासूबाईंना बसवणार नाही.

३. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांना चढता आलं पाहिजे. यावर तडजोड नाही.

रानवारा

वहिनी आल्या! आता धाग्याला अर्थ आला.

माळरान

वहिनींच्या तिन्ही अटी योग्य आहेत.

गॅरेज : साडेपाच फुटी हौद्याचे हे चारही क्रू कॅब ट्रक २३१ ते २३४ इंच लांब. म्हणजे १९ फूट ४ इंचांच्या आसपास. दोन गाड्यांचं गॅरेज बरेचदा २० फूट खोल असतं, पण आत वॉटर हीटर असतो, पायरी असते, फडताळं असतात. दाराच्या आतल्या बाजूपासून समोरच्या पहिल्या अडथळ्यापर्यंत मोजा. मागे हिचचा दांडा लावून ठेवला तर आणखी सहा-आठ इंच. उंची साडेसहा फुटांच्या आसपास. घराचं दार बहुतेक ७ फुटी, चालून जाईल. पण शहरातल्या जुन्या पार्किंगच्या इमारतींत ७ फुटांहून कमी उंची असते. शिरताना पाटी वाचा.

चढणं : रॅमला हवेची सस्पेन्शन घेतली तर माणसं चढताना ट्रक सुमारे दोन इंच खाली बसतो. बाकी ठिकाणी रुंद, पक्की पायरी लावून घ्या. गोल नळीची नको, पाय घसरतो. आणि खांबावर धरायला मूठ आहे का ते बघा, मागच्या दारालाही. आईंना दुकानात सोबत न्या. त्यांनी स्वतः चढून-उतरून सांगितल्याशिवाय सही करू नका.

टिपरी

अवांतर : आमच्या गावातल्या ढोल-ताशा पथकात एकाकडे पिकअप आहे आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तो ट्रक घरी कमी, मंडळाच्या कामावर जास्त असतो. ढोल, ध्वजाच्या काठ्या, मखराचे खांब, सतरंज्या, महाप्रसादाची पातेली. विसर्जनाला बाप्पा हौद्यातूनच निघतात, चारी बाजूंनी फुलांच्या माळा. फ्रिस्कोकर, ट्रक घ्या आणि मंडळाला कळवा.

फ्रिस्कोकर

टिपरी, मंडळाला धागा कळला तर आधीच तारीख ठरेल :)

माळरान, मनापासून आभार. काल एका विक्रेत्याच्या आवारात जाऊन फक्त दारं उघडून स्टिकर वाचत फिरलो. तुम्ही म्हणालात तसंच. एकाच कंपनीचे, एकाच इंजिनाचे दोन ट्रक शेजारी उभे, आणि पेलोडमध्ये ३०० पौंडांहून जास्त फरक. ज्याच्यावर मी मनाने बसलो होतो तो छतवाला, चकचकीत. त्याचा आकडा सर्वांत कमी. विक्रेत्याला विचारलं तर तो पुन्हा पुन्हा टोइंगचाच आकडा सांगत राहिला.

प्रश्न : सहा माणसं म्हणजे पुढे बाकासारखी सीट घ्यावी लागेल ना? ती प्रवासाला कितपत बरी?

शेवंती

पुढची ४०-२०-४० सीट मिळते, साधारण खालच्या-मधल्या ट्रिमवर. पण मधल्या जागी बसणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात आणि पाय दोन बाजूंना. १३ वर्षांखालच्या मुलांनी मागेच बसावं असं सांगितलं जातं, म्हणजे तिथे मोठ्या माणसालाच बसवावं लागणार. गावातल्या गावात ठीक. कोलोराडोपर्यंत दिवसभर बाबांना तिथे बसवू नका.

हिमवाट

मिनेसोटातून. सहा माणसं आणि ट्रेलर म्हणजे सबर्बन किंवा एक्स्पिडिशन बघितलीत का? तीन रांगा, योग्य पॅकेज घेतलं तर आठ हजारांच्या आसपास ओढतात, सामान कोरडं. पेलोडचा हिशेब तिथेही करावाच लागेल.

पिकअपच घेणार असाल तर फोर-व्हील ड्राइव्ह कोणत्या प्रकारची ते विचारा. टुंड्राची पार्ट-टाइम आहे. ती कोरड्या डांबरी रस्त्यावर लावायची नसते, पुढच्या-मागच्या चाकांना वळणावर वेगळं फिरायला वाव मिळत नाही. बर्फाचे पट्टे आणि कोरडा रस्ता आलटून-पालटून येतो तिथे 'ऑटो' मोड फार कामाचा. तो फोर्ड, शेवी, रॅम तिघांतही ठरावीक ट्रिमवर किंवा पॅकेजमध्ये मिळतो. डॅलसमध्ये लागणार नाही, पण मार्चमध्ये कोलोराडोला जाल तर आठवण येईल. रिकाम्या पिकअपचं मागचं बूड हलकं असतं, बर्फात आधी तेच घसरतं. आम्ही हिवाळ्यात वाळूची पोती मागच्या चाकांच्या वर ठेवतो, बांधून.

सिंहगडवाला

पुण्यातून वाचतोय. इकडे हायलक्स २०२२ मध्ये आली, साधारण ५.३ मीटर लांब. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तीच दोन रेषांत मावत नाही. तुमचा एफ-१५० जवळजवळ ५.९ मीटर! एवढे मोठेच ट्रक का घेतात तिकडे? मधल्या आकाराचे, परदेशी बनावटीचे मिळत नाहीत का?

डिझेलदादा

मिळतात, पण बाहेर बनलेल्या हलक्या ट्रकवर १९६४ पासून २५ टक्के आयातकर आहे. 'चिकन टॅक्स' म्हणतात त्याला. युरोपने अमेरिकन कोंबडीवर कर वाढवला, त्याला उत्तर म्हणून जॉन्सन सरकारने लावला. कोंबडीचा वाद विसरला गेला, ट्रकवरचा कर राहिला. म्हणून टोयोटाही टुंड्रा टेक्ससमध्येच, सॅन अँटोनिओला बनवते. आपल्या महिंद्राचा डिझेल पिकअपही २०१० च्या सुमारास इकडे येणार होता. वितरकाशी बिनसलं आणि बारगळला. आला असता तर मी रांगेत पहिला असतो.

पायवाट

मला एक गोष्ट गंभीरपणे मांडायची आहे. आमच्या शाळेच्या दारात मुलं रस्ता ओलांडतात आणि समोर या ट्रकांची नाकं मुलांच्या डोक्याहून उंच. आयआयएचएस या अमेरिकेतल्या वाहन-सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये अभ्यास मांडला : ज्या गाड्यांच्या बॉनेटची उंची ४० इंचांहून जास्त, त्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक. तुम्ही सहलीसाठी ट्रक घेताय, पण तो वर्षातले बहुतेक दिवस वस्तीतून फिरणार आहे.

आणि आतल्यांसाठीही बघा. त्याच संस्थेने त्याच वर्षी मागच्या सीटवरच्या माणसाचा विचार करून क्रू कॅब पिकअपची समोरून धडकेची चाचणी घेतली. एफ-१५०, रॅम आणि सिल्व्हराडो तिघांना सर्वांत खालचा शेरा मिळाला, टुंड्राला त्याच्या वरचा. ट्रक मोठा म्हणून मागचं माणूस सुरक्षित, असं धरून चालू नका.

रानवारा

मोठी गाडी समोरच्याहून जड असते, भौतिकशास्त्र आपल्या बाजूने असतं ना पण?

पायवाट

समोरच्या गाडीशी टक्कर झाली तर काही अंशी. झाडाला, कठड्याला धडकलात तर वजन मदतीला येत नाही. आणि समोर चालणारं मूल असेल तर ते वजन कुणाच्या बाजूने आहे?

कोल्हापुरी_ठसका

पायवाट, हे लिहिल्याबद्दल खूप आभार. चाचणीचं मी वाचलं नव्हतं. आमच्या यादीत आता पहिला रकाना हाच राहील : पुढच्या कॅमेऱ्याचं दृश्य हळू चालवताना दिसतं का, पादचाऱ्यासाठी आपोआप ब्रेक लागतो का, आणि नवीन वर्षाच्या मॉडेलवर मागच्या सीटचे पट्टे सुधारलेत का. मुलगी मागे बसते.

नर्मदा_तीर

इंजिनांबद्दल कुणी नीट बोललं नाही. आम्ही डेन्व्हरला राहतो, त्यामुळे चढ रोजचे.

टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना सुमारे ३ टक्के शक्ती गमावतं. तुम्ही फ्रिस्कोहून २८७ ने ॲमारिलो, पुढे रॅटन खिंडीतून कोलोराडोत येणार. रॅटन ७८३४ फुटांवर. तिथे साध्या व्ही-८ ची पाऊण शक्ती उरते आणि मागे सहा हजार पौंड. टर्बोला ही घट फारशी जाणवत नाही. म्हणून फोर्डचं ३.५ इकोबूस्ट (४०० अश्वशक्ती, ५०० पौंड-फूट), टुंड्राचं टर्बो व्ही-६, रॅमचं नवं हरिकेन (४२० अश्वशक्ती) डोंगराला बरी. रॅमने २०२५ ला हेमी (त्यांचं व्ही-८) काढून टाकली आणि लोकांच्या आग्रहाखातर २०२६ ला परत आणली. आवाज प्यारा असेल तर हेमी, रॅटन चढायचा असेल तर हरिकेन.

जुना घेणार असाल तर चॅसी नंबर टाकून रिकॉल तपासा. टोयोटाने २०२४ मध्ये २०२२-२३ च्या सुमारे एक लाख गाड्या इंजिनात राहिलेल्या धातूच्या कणांसाठी परत बोलावल्या. जीएमने २०२५ मध्ये ६.२ लिटर व्ही-८ च्या अमेरिकेतल्या सुमारे सहा लाख गाड्या. तेव्हा 'अमुक कंपनी म्हणजे निर्धास्त' हे मनातून काढा.

डिझेलदादा

अनुमोदन. आणि टाकीचा आकार विचारा. ट्रेलर मागे असताना पेट्रोलवर ८ ते १० चं मायलेज धरा. २६ गॅलनची टाकी म्हणजे जेमतेम सव्वादोनशे मैल, आणि शेवटचा थेंब येईपर्यंत कुणी चालवत नाही. बिग बेंडच्या वाटेवर पंप दूर-दूर आहेत. टुंड्राला ३२ गॅलनची टाकी मिळते, एफ-१५० ला ३६ ची.

माळरान

बिग बेंडचं निघालंय तर महत्त्वाचं : चिसोस बेसिनचा रस्ता वळणांचा आणि चढाचा आहे, २० फुटांहून लांब ट्रेलर तिथे नेऊ नयेत असं पार्कच सांगतं. तुमचा २४ फुटी. रिओ ग्रांदे व्हिलेजला उभा करा, पाणी-विजेची सोय असलेली जागा तिथे आहे, आणि बेसिनला नुसता ट्रक घेऊन जा. पालो ड्युरोत उतरताना १० टक्के उतार आहे. खालच्या गिअरवर, ब्रेक न तापवता उतरायचं.

आणि डॅलसच्या टोलवेवर टोल आसांवर (ॲक्सलवर) असतो, आसांची संख्या वजा एक. नुसता ट्रक एक पट. मागे दोन आसांचा ट्रेलर लावलात की तीन पट. सहलीला निघताना शक्य तितकं टोल टाळून बाहेर पडा.

रसिका_बे_एरिया

कॅलिफोर्नियातल्या वाचकांसाठी : इकडे पिकअपची नोंदणी घरगुती वापरासाठी असली तरी व्यावसायिक नंबरपाटीवर होते आणि वजनाप्रमाणे फी लागते. घेण्याआधी वसाहतीचे नियमही वाचा.

आमच्याकडे हायब्रिड एफ-१५० आहे, पॉवरबूस्ट. फोर-व्हीलला २३-२४ चं मायलेज, शहरातल्या गर्दीत खरा फायदा. आणि हौद्यात ७.२ किलोवॉटची वीज. वीज गेली तेव्हा फ्रिज, वायफाय आणि सासऱ्यांचं ऑक्सिजनचं यंत्र त्याच्यावर चाललं. त्या रात्रीनंतर ट्रकच्या किमतीबद्दल घरात कुणी बोललं नाही. मात्र बॅटरीच्या वजनामुळे हायब्रिडचा पेलोड कमी असतो. माळरान यांचा स्टिकर इथेही वाचायचाच.

गणितकाका

रसिका, हे मला पटलं. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत टेक्ससमध्ये लाखो घरांची वीज गेली, त्यानंतर घरी वीज तयार करता येणं याला मी नुसत्या आकड्यांत मोजणार नाही.

फ्रिस्कोकर, माझं मत तरी अजून तेच आहे, पण घेणार असाल तर ट्रेलर हलका करा. ट्रक मोठा करण्यापेक्षा ते स्वस्त.

फ्रिस्कोकर

सगळ्यांचे प्रतिसाद आम्ही दोघांनी रात्री बसून वाचले. परवा आई-बाबांना घेऊन दोन ठिकाणी गेलो. गॅरेज मोजलं, समोरचं फडताळ काढावं लागेल, मग नऊ इंच उरतात.

आईला रॅममध्ये चढणं सर्वांत सोपं गेलं. हवेच्या सस्पेन्शनवाल्यात ती कुणाचा हात न धरता बसली आणि उतरताना 'हाच घ्या' म्हणाली. पण त्या ट्रकचा स्टिकर आमच्या हिशेबाला पुरत नाही. एफ-१५० मधल्या ट्रिमचा, ३.५ इकोबूस्ट, १८ इंची चाकं, छत नसलेला. त्याचा पेलोड १८०० च्या वर निघाला, ३६ गॅलनच्या टाकीसकट. रुंद पायरी आणि मागच्या खांबाला मूठ असली की आई त्यातही चढते, पण तिला एक हात लागतो.

ट्रेलर बदलतोय. २० फुटी, रिकामा ३९०० पौंडांचा, दोन बंक असलेला. पाणी मुक्कामी पोचून भरायचं. आई-बाबा असतील तेव्हा दोन गाड्या न्यायच्या : ट्रेलर आणि तिघं ट्रकमध्ये, तिघं सेदानमध्ये. मधल्या सीटवर बाबांना बसवायचं नाही हे पक्कं. एरवी ऑफिसला मी सेदानच नेणार आहे.

राहिला प्रश्न हाच : मुक्काम एफ-१५० वर जवळपास ठरलाय, की हलक्या ट्रेलरमुळे आता रॅमचाही हिशेब बसतो?

माळरान

करून बघू. ट्रेलर भरून ५००० धरा, हिचवर १२ टक्के म्हणजे ६००. हिच ९०, सामान २००. तिघं माणसं आणि तुमची मुलं वाढतायत हे धरून ४५०. बेरीज १३४०. रॅमचा स्टिकर १५०० असेल तर बसतो, १४०० असेल तर बसला म्हणणं कागदापुरतं. त्या नेमक्या ट्रकच्या दारावर काय लिहिलंय?

फ्रिस्कोकर

१४७०.

माळरान

मग दोन्ही चालतील. फरक एवढाच की पुढे ट्रेलर वाढवावासा वाटला तर फोर्ड पुरेल, रॅम पुरणार नाही. आणि आई वर्षातले सहा महिने रोज चढणार आहेत, ट्रेलर वर्षातून काही आठवडे जोडला जाणार आहे.

कोणताही घ्या, टोइंग पॅकेजसह घ्या आणि ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर कारखान्यातूनच बसवलेला बघा. ट्रेलर आणल्यावर पहिल्या दिवशी सगळं भरून ट्रक-स्टॉपच्या वजनकाट्यावर न्या. पुढचा आस, मागचा आस, ट्रेलर, तिन्ही वजनं पावतीवर वेगळी मिळतात. ती इथे टाका, मी बघून सांगतो.

कोल्हापुरी_ठसका

रॅम. आईंच्या पायरीवर निर्णय झालाय. पादचाऱ्यासाठीचा ब्रेक आणि चारी बाजूंचा कॅमेरा त्या ट्रकवर आहे का ते उद्या लिहून घेते, नसेल तर पुढचा ट्रक बघू. वजनकाट्याची पावती टाकेन.

टिपरी

ऑगस्टच्या आत घ्या हो.